डोनलचा साहेब आणि माझा चंद्र

आमच्या हॉलमधलं उभं घड्याळ परवा मी माझ्या हातानं बंद केलं. ऑर्लाचा फोन आला. "डॅडी गेले, मिसेस के," एवढंच बोलली. मी "हो" म्हटलं, फोन ठेवला, घड्याळाचं लांबट दार उघडलं आणि हलत्या लंबकाला बोटं लावली. लगेच थांबला. मला वाटलं होतं, थोडा तरी हट्ट करील.

इकडच्या जुन्या लोकांची रीत आहे ती. घरातलं माणूस गेलं की घड्याळ थांबवायचं, आणि माती देऊन आलं की पुन्हा सुरू करायचं. डोनल काही आमच्या घरातला नव्हता, शेजारचा होता. पण घड्याळ त्याचं, म्हणून रीतही त्याचीच.

संध्याकाळी माझी नात इरा शाळेतून आली ती दारातच थबकली. "आजी, द क्लॉक्स गॉन क्वाएट." मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र स्लायगोच्या इंग्रजीत येतं. मी म्हटलं, "डोनल गेला गं." तिनं दप्तर तिथंच टाकलं आणि घड्याळाला मिठी मारली. मला काही ते सुचलं नव्हतं. मी बंद करून सरळ भाजी निवडायला बसले होते.

उद्या त्याला त्याच्या बायकोशेजारी, कॅथलीनशेजारी ठेवतील. तोवर हा गप्पपणा कानाला सोसत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

स्लायगोला आले तेव्हा मी तरुण होते. एकसष्ट फक्त. पुण्याच्या शाळेत पर्यवेक्षिका होते. शिपाई माझ्या मनगटाकडे बघून घंटा द्यायचा, त्यामुळे पृथ्वी माझ्या मनगटाभोवती फिरते अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती समजूत आणि बारा सुती साड्या घेऊन मी मुलाकडे राहायला आले. सून इथल्या मोठ्या हॉस्पिटलात, मुलगा कॉम्प्युटरसमोर, नात तेव्हा पाळणाघरात. आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी इंद्रधनुष्य दिसलं म्हणून चपला अडकवून अंगणात गेले आणि मागे दार आपोआप लागलं. इथली दारं अशीच, माणूस बाहेर गेलं की हुश्श करून मिटतात. किल्ली आत, फोन आत, आणि इंद्रधनुष्यामागून त्याचा पाऊस आला.

शेजारच्या दारात एक उंच, वाकलेला म्हातारा टोपी घालून उभा होता. म्हणाला, "आत या. चहा आहे, आणि आमच्याकडे पाऊस फक्त स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात पडतो."

हा डोनल. निवृत्त पोस्टमन, बायको वारलेली, एकुलती एक मुलगी ऑर्ला तिकडे डब्लिनजवळ स्वोर्ड्समध्ये. वयानं माझ्याहून बराच मोठा, म्हणजे खरं तर अहो-जाहोचा माणूस. पण त्या दिवशी ओल्या पदरानं त्याच्या शेगडीशी बसले तेव्हाच मनातल्या मनात तो अरे-तुरेवर आला आणि तिथंच राहिला. मला तो कायम "मिसेस के" म्हणायचा. खांबेटे हे आडनाव त्यानं एकदाच तोंडात घालून बघितलं होतं. कप काढायला त्यानं भिंतीतलं कपाट उघडलं, त्याला तो 'प्रेस' म्हणायचा, आणि त्या कपाटाशेजारी साहेब उभा होता.

छताला टेकेल एवढं लाकडी घड्याळ. वर रंगवलेली तबकडी, कोपऱ्यांत गुलाब, तबकडीच्या वर कमान, कमानीत गोल गालांचा, डोळे मिटायला आलेला चंद्र. मी आधी मनगटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि शाळेतल्या आवाजात सांगितलं, "तुमचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे."

"आहेच," डोनल म्हणाला. "कॅथलीनला चर्चमध्ये रविवारच्या मासला कधी वेळेवर पोचता आलं नाही. म्हणून तिनं ह्याला दहा मिनिटं पुढे ठेवला."

"मग पोचायला लागल्या?"

"छे! तिला माहीत होतं ना, दहा मिनिटं पुढे आहे म्हणून."

कॅथलीन जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. दहा मिनिटं तशीच होती. ह्यावर गप्प बसायचं असतं, एवढी अक्कल मला एकसष्टाव्या वर्षी नव्हती. मी म्हटलं, "मग आता तरी बरोबर लावा." तो हसला आणि मला बिस्किट दिलं.

मग मी तबकडीवरची दोन भोकं बघितली आणि ज्ञान पाजळलं. "हे आठ दिवसांचं ना? एक चावी वेळेची, एक टोल्यांची?" डोनल इतका खूश झाला की त्यानं हातातला चहाच ओट्यावर ठेवला. "बोट घाला," म्हणाला. घातलं. बोट टेकलं. भोकं खोटी होती! आठ दिवसांचं घड्याळ श्रीमंताचं; हे तीस तासांचं, रोज साखळी ओढावी लागणारं. पण पाहुण्यांना ते कळू नये, म्हणून कारागिरानं तबकडीवर चावीची भोकं नुसती दाखवायला केलेली. दोनशे वर्षांपूर्वीच्या विलायतेतही शेजाऱ्यांवर छाप पाडायची हौस होती म्हणायची! दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये न वाचलेल्या विश्वकोशाचे खंड मांडणारी बाई मी. मला ते घड्याळ त्या क्षणी आपलं वाटलं.

कॅथलीनचा आजोबा विलायतेत, लँकेशायरला गवत कापायला जायचा, तिकडून एका लिलावातून त्यानं ते आणलं. घरी आणल्यावर कळलं की छत बुटकं आहे. मग त्यानं करवत घेतली आणि घड्याळाचे पाय कापले. "ह्या घरात आलेला एकमेव इंग्रज," डोनल म्हणायचा, "आणि त्यालाही आम्ही पाय कापून मगच आत घेतला." म्हणून तो 'द इंग्लिशमन'. मी त्याचं साहेब केलं, आणि डोनलला तो शब्द इतका आवडला की साखळी ओढताना रोज सकाळी तो म्हणायला लागला, "मॉर्निंग, साहेब." विहिरीचं पाणी शेंदावं तसं ओढायचा. एका बाजूनं साखळी खाली, दुसऱ्या बाजूनं शिशाचं वजन हळूहळू वर. टोले मात्र साहेब पहिल्यापासून मनाला येतील तितके द्यायचा. अकराला पाच, तीनला आठ. "इंग्रज काय सांगतो ते ऐकायचं," डोनल म्हणे, "मानायचं नाही."

तब्येत कशी, तर ग्रँड. थंडी, तर ग्रँड. गुडघा धरून जिना उतरताना, ग्रँड. ही त्याची खोटी भोकं होती. ते समजायला मला फार वर्षं लागली.

चंद्राचं वेगळं सांगायला हवं. मी संकष्टी करते. तेव्हा तर फारच कडक करायची, म्हणजे सगळ्यांना कळेल अशी. पुण्यात चंद्र गच्चीवर जाऊन बघायचा. स्लायगोत आकाश म्हणजे ओली गोधडी. पहिल्या चतुर्थीला सून म्हणाली, "आई, ॲपवर चंद्रोदय झालाय, जेवून घ्या." मी म्हटलं, "ॲपला अक्षता वाहू?" आणि हातात तबक घेऊन अंगणात उभी राहिले. कुंपणापलीकडून डोनल म्हणाला, "काय शोधताय, मिसेस के?"

"चंद्र. तो दिसल्याशिवाय मला जेवता येत नाही."

त्यानं क्षणभर विचार केला. "माझ्याकडचा चालेल?"

कमानीतला चंद्र नुसता शोभेचा नव्हता. मागे एक गोल पत्रा असतो, तो साहेबाबरोबर रोज दात-दात सरकतो. डावीकडच्या रंगवलेल्या टेकाडामागून चंद्र निघतो, पौर्णिमेला कमानीच्या मध्यावर येतो, आणि मग उजव्या टेकाडाआड उतरायला लागतो. त्या दिवशी तो मध्यावरून थोडा ढळलेला होता. अगदी चतुर्थीचा. ढग नाही, पाऊस नाही. पर्यवेक्षिकाबाईंनी कर्मठपणा गुंडाळून कमरेला खोचला, साहेबाच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, स्वतःभोवती फेरी घातली आणि हात जोडले. मागे वळून बघते तर डोनल टोपी काढून, छातीशी धरून, चर्चमध्ये उभा राहावा तसा उभा. वरणभात खाताना इतकी लाज आणि इतकी भूक मला एकदम कधी लागली नव्हती.

त्यानंतर दर महिन्याला तोच आमच्या दारावर टकटक करायचा. "मिसेस के, तुमचा चंद्र आला." टोपी काढून. मग मी लाडू घेऊन जायची. "तुमच्या देवाला उपास कडक आणि लाडू इतका मोठा, हे मला आवडतं," तो म्हणायचा. अशी दहा-अकरा वर्षं गेली. इरा शाळेत जायला लागली, माझे गुडघेही ग्रँड झाले.

गेल्याच्या गेल्या वर्षी, हिवाळा संपता संपता, एका चतुर्थीला टकटक झाली नाही. मी आपली गेले. साहेब चालू होता, काटे नेहमीसारखे दहा मिनिटं पुढे. डोनल शेगडीशी. मी तबक उचललं, वर बघितलं, आणि हात तसाच राहिला. चंद्र अजून डाव्या टेकाडाआडून अर्धाच निघाला होता.

काटे कुणीही पुढे ढकलतं. मनगटावर बघायचं, ढकलायचे, लंबकाला टिचकी मारायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, साहेब चालूच आहे. चंद्र मात्र घड्याळ थांबलं की थांबतो, आणि जितके दिवस थांबला तितका मागे राहतो. म्हणजे साखळी कितीतरी सकाळी ओढलीच गेली नव्हती.

"डोनल," मी म्हटलं, "चंद्र मागे आहे."

त्यानं कमानीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "ऑर्लाला सांगू नका," म्हणाला.

मग सगळं सांगितलं. ऑर्ला महिन्यातून एकदा यायची आणि आल्या आल्या साहेबाकडे बघायची. तिचं म्हणणं असं होतं की डॅडींना जोवर साहेबाला सांभाळता येतंय तोवर त्यांना एकटं राहू द्यायचं. नाहीतर स्वोर्ड्सला, तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात. "मला इथंच राहायचंय," तो म्हणाला. "तिकडे मला सगळं नवं शिकायला लागेल. आणि आता मला नवं काही शिकता येत नाही, मिसेस के. जुनंही परत जातंय." आणि मग, सवयीनं, "बाकी ग्रँड."

मी काचेचं दार उघडून बोटानं चंद्र पुढे सारला. दात-दात. प्रत्येक दाताला टिक् असा आवाज येत होता आणि आम्ही दोघंही तो ऐकत होतो.

दुसऱ्या दिवसापासून इराला शाळेच्या बसपर्यंत सोडलं की मी डोनलकडे. आधी त्याला साखळी हातात द्यायची. कधी तो ओढायचा. कधी साखळी हातात धरून माझ्याकडे बघत राहायचा, पुढे काय करायचं असतं ते विसरून. मग मी ओढायची. "मॉर्निंग, साहेब" मात्र त्याचंच. ते तो कधी विसरला नाही. आमचा उद्योग मुलाला कळला तेव्हा तो म्हणाला, "आई, हे बरोबर नाही. तिला कळायला हवं." मी म्हटलं, "तुझ्या म्हातारपणी तुझ्या मुलीला सगळं कळवायला तू पाठव हो मेल." आणि गेले.

ऑर्ला यायची. कोट न काढता आधी साहेबासमोर उभी राहायची. काटे बघायची, चंद्र बघायची, मग माझ्याकडे बघायची. "छान चाललाय," म्हणायची. डोनल शेगडीशी शाळकरी पोरासारखा ताठ बसलेला. ती गेली की आम्ही दोघं लाडू खायचो आणि पोट धरून हसायचो. वसंत गेला, उन्हाळा गेला. त्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यानं मला कॅथलीन म्हणून हाक मारली. मी ओ दिली. आणखी काय करणार होते?

नोव्हेंबरात एक दिवस मी गेले तर दार उघडं, साहेब चालू, डोनल नाही. पाऊस तिरका लागला होता. आमच्या दारातल्या पायपुसण्यावर सुपरमार्केटची जाहिरात पडलेली. शेजारच्या दारात एक. त्याच्या शेजारी एक. दारोदार ते कागद बघत मी चालत गेले, साडी गुडघ्यापर्यंत भिजली. रस्ता संपून समुद्राकडे वळतो तिथं तो सापडला. पोस्टाचा जुना कोट, आत पायजमा, पायात सपाता, खांद्याला कॅथलीनची बाजाराची पिशवी. ओठ निळे. मला बघून ओशाळला. "घरं संपली, मिसेस के," म्हणाला, "आणि पत्रं अजून उरलीत."

मी त्याला घरी आणलं, कोरडं केलं, शेगडीशी बसवलं. मग ऑर्लाला फोन मीच केला. तो बघत होता. मी काय करतेय ते त्या दिवशी त्याला नीट कळत होतं. ते कळलं नसतं तर माझ्यासाठी बरं झालं असतं.

ऑर्ला दुपारपर्यंत आली. डोनलला झोप लागली होती. मी तिला सगळं सांगायला सुरुवात केली: साखळी, चंद्र, मार्चपासून. तिनं मला मध्येच थांबवलं.

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून, मिसेस के." ती साहेबाकडे बघून हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "घड्याळ बरोबर होतं."

मी घड्याळाकडे बघितलं. मनगटाकडे बघितलं. काटा काट्यावर. शाळेतली सवय! पहिल्याच दिवशी साखळी ओढताना मी काटे मनगटाशी जुळवले होते, सेकंदासकट, आणि तसेच ठेवले होते. जी दहा मिनिटं त्या घरात कुणी कधी पुसली नव्हती ती मी पहिल्याच सकाळी पुसली होती. आणि वर रोज ऐटीत त्यांच्यासमोर उभी राहत होते.

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर न्यावं लागलं असतं," ऑर्ला म्हणाली. "मला तरी कुठे न्यायचं होतं? तुम्ही ओढत होतात म्हणून मी बघत नव्हते."

दोन बायका, एका म्हाताऱ्याच्या घरात, एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो. मी तिला जवळ घेतलं. साहेबानं तेव्हा सात टोले दिले. दुपारचे दोन वाजले होते.

डोनल स्वोर्ड्सला गेला. वृद्धाश्रमाच्या खोलीत साहेबाला जागा नव्हती. ऑर्लानं विचारलं, ठेवाल का? कापलेल्या पायांमुळे तो आमच्या हॉलमध्ये नीट बसला. तेव्हापासून मी त्याला दहा मिनिटं पुढे ठेवते. मुलगा एकदा म्हणाला, "आई, हे पुढे आहे." मी म्हटलं, "आहेच." आणि त्याला बिस्किट दिलं.

उद्या माती देऊन आले की लंबकाला टिचकी मारेन, दहा मिनिटं पुढे लावेन आणि चंद्र सारेन. "मॉर्निंग, साहेब" म्हणायला जमेल की नाही, माहीत नाही.

त्याला शेवटचा बघितला तो मागच्या महिन्यात. मुलाचं डब्लिनला काम होतं, त्याच्या गाडीतून मी स्वोर्ड्सला उतरले. संकष्टी होती. अंधार लवकर पडला होता आणि आकाश नेहमीचंच. डोनल खिडकीशी खुर्चीत, अंगात कुणा दुसऱ्याचा असावा असा स्वेटर. ऑर्लाला त्यानं नर्स म्हटलं आणि पाणी मागितलं. माझ्याकडे बघून मान लववली, बसमध्ये अनोळखी बाईला जागा द्यावी तशी. मी शेजारी बसले, लाडवांचा डबा मांडीवर. साहेब ठीक आहे म्हणून सांगितलं. "ग्रँड," तो म्हणाला, साहेब कोण ते न विचारता. मग आम्ही खिडकीबाहेर बघत बसलो. विमानतळ जवळच आहे. बोलायला काही नसलं की तिथं विमानं तरी असतात.

ढगांतून एक विमान उतरायला वळलं. नाकासमोर आलं की त्याचा दिवा हलत नाही; गोल, पिवळट, जागच्या जागी टांगल्यासारखा. डोनलचा हात वर गेला. डोक्यावर टोपी नव्हती, तरी त्यानं ती काढली आणि छातीशी धरली.

"मिसेस के," म्हणाला, "तुमचा चंद्र आला."

एकसष्ट वर्षांची मी असते तर म्हटलं असतं, डोनल, ते विमान आहे, आणि बहुतेक उशिरा येतंय. आताची मी उठले. पर्समधली अक्षतांची पुडी सोडली, खिडकीच्या काचेवर तांदूळ वाहिले, स्वतःभोवती फेरी घातली, हात जोडले. मग डबा उघडून लाडू मोडला आणि मोठा अर्धा त्याच्या हातात दिला.

दिवा खाली खाली गेला आणि छपरांमागे उतरला. डोनल रिकाम्या आकाशाकडे बघत सावकाश चावत होता. ऑर्ला खिडकीखाली वाकून एकेक तांदूळ वेचत होती, आणि बराच वेळ तिनं मान वर केली नाही.